धोंडाबाई, सकाळी दहा

कुसगावच्या आमच्या घरातल्या न्हाणीघराची फरशी बदलायची, एवढंच ठरलं होतं. पण कंपनीत मी नुकतंच कामाचं नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरचं तीन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं (त्यातला दीड दिवस मी जागा होतो). त्यामुळे तोंडी काम सांगणं मला कमीपणाचं वाटू लागलं.

मोबाईलवरच्या ॲपमध्ये मी सगळं रीतसर भरलं. वाळू माझ्या मेव्हण्याकडे, म्हणजे रखमाजीकडे. फरशी सखाराम मिस्त्रींकडे. सासूबाई रविवारी वडिवळ्याहून राहायला येणार होत्या, तेही एक कामच. लिहिलं : ‘धोंडाबाई, सकाळी दहा.’

“अहो, आईचं नाव कशाला त्यात?” अनिताने विचारलं.

“त्याशिवाय प्लॅन पुरा होत नाही.”

रविवारी दहा वाजले, सासूबाई आल्या नाहीत. दहा वाजून एक मिनिटाने ॲपने यादीतल्या सगळ्यांना मेसेज धाडला : ‘धोंडाबाई : मुदत संपली.’

रखमाजीने म्हणे मला नऊ फोन केले. मिस्त्रींच्या फरशी कापायच्या मशिनपुढे मला एकही ऐकू आला नाही. पाऊण तासाने त्याचा टेम्पो दारात थांबला. वाळू उतरेल म्हणून पुढे झालो, तर अकरा माणसं उतरली. रडत.

“दाजी, सकाळी म्याच एष्टीत बसवली तिला! कशी गेली ओ?”

“कोण?”

“आई!”

अनिताही त्यांच्यात मिसळून रडू लागली. मेसेजची भानगड मला लगेच कळली, पण आठला निघालेली म्हातारी, जवळ मोबाईल नाही, अकरा वाजत आलेले. ती होती तरी कुठं?

तेवढ्यात रिक्षा थांबली. तांदळाची पिशवी सांभाळत सासूबाई उतरल्या.

“अगं बया! कोण गेलं रं?”

“तूच!” म्हणत रखमाजीने त्यांना मिठीच मारली.

“मी व्हय? मी तर वाटंत कामशेतात उतरून भाचीकडं, शालनकडं च्या पीत हुते!”

मग जे हसू फुटलं, ते आवरेना. खांद्यावरून न्यायला कोणीच नसल्यामुळे मंडळींनी जुन्या फरशीचा राडारोडा नेऊन टाकला. काम दोन दिवस आधीच उरकलं.

आता सगळे माझ्याकडे वळणार, तोच सासूबाईंनी मला जवळ ओढलं.

“जावयाचं डोळं बघा कसं लाल झाल्यात! पोटच्या पोरागत रडलाय माझ्यासाठी. मी आता दिवाळीपातुर हितंच ऱ्हाते.”

मग मला कोण बोलणार? टेम्पो बघायला वळताना हातातला फरशीचा खोका पायाच्या अंगठ्यावर पडला होता, हे सांगायची ती वेळ नव्हती.