बिनकाट्याची तारली

ज्या घराच्या फडताळात माशाचे चार डबे आहेत, त्या घराला पाहुण्यांची भीती नाही, असं माझं ठाम मत होतं. डबे म्हणजे ते पत्र्याचे, कडी ओढून उघडायचे. आत तेलात नाहीतर टोमॅटोच्या रसात तारली निवांत पडलेली असते. आमचं मूळ गाव फलटणकडचं. समुद्र आम्ही शाळेच्या सहलीत बघितला. त्यामुळे माशाचे कल्ले उचलून बघणं, कोळणीशी हुज्जत घालणं ही विद्या आमच्या घराण्यात नाही. डब्याला कल्ले नसतात. तारीख वाचायची, पैसे द्यायचे आणि डोंबिवलीतल्या आपल्या घरी यायचं.

आठवड्यातून दोनदा तरी मी डबा उघडतो. तव्यावरून उतरलेली भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, वर लिंबू, आणि तारली डब्यातून थेट ताटात. कधी टुना असला तर तो कांदा-मिरचीवर परतून पोळीत गुंडाळायचा. पाच मिनिटांत राजाचं जेवण! माझी बायको सुमती या प्रकाराला नाकं मुरडते, आणि शेवटी डब्याच्या तळाचं तेल भाकरीच्या तुकड्याने पुसून तीच खाते.

आमची मुलगी अक्षदा हीसुद्धा या डब्यांवरच वाढली. यंदा तिचं लग्न झालं, आणि दिलं कुठे, तर ठाण्यातल्या कोलशेतला. जावई सुशांत तिच्याच ऑफिसातला, सोन्यासारखा मुलगा. पण घर खाडीकाठचं, पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर पोसलेलं. माझे व्याही धाकूशेठ आणि विहीणबाई रतनबाई जेवून उठले की ताटाच्या कडेला काट्यांचा ढीग असतो, बांधावर उपटून टाकलेल्या तणासारखा. अशा घरात आमची पोरगी. तिला बोंबील आणि मांदेलीतला फरक कळत नाही. सासरचे तोंडावर काही बोलत नसत, पण मासे साफ करायची वेळ आली की तिला हळूच कोथिंबीर निवडायला बसवत. ती फोनवर हसून सांगायची, पण माझ्या काळजाला लागायचं.

लग्नानंतर व्याह्यांना पहिलं तिखटाचं जेवण द्यायचं राहिलं होतं. मध्ये अधिक महिना आला, त्यात जावयाला धोंडे खाऊ घातले, आणि बघता बघता आषाढ लागला. धाकूशेठ फोनवर म्हणाले, मटण करा, काही वेगळं नको. आता माणसाने बरं म्हणून फोन ठेवावा की नाही? मी म्हणालो, मटण काय कुणीही करतं, तुम्हाला मासेच खिलवतो. पलीकडे धाकूशेठ जरा थांबले. मला वाटलं भारावले.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन बाजारात गेलो तर निम्मे ओटे रिकामे. होते ते मासे बर्फातले, डोळे बसलेले, आणि भाव असा की ऐकून माझेच डोळे पांढरे झाले. पावसाळ्यात दोन महिने बोटी बंद असतात, हे एका कोळणीने मला लहान मुलाला समजवावं तसं समजावून सांगितलं. धावत मटणाच्या दुकानात गेलो. आखाडातला रविवार, रांग पार रस्त्यापर्यंत. रांगेचं शेवटचं टोक सापडेपर्यंत सुशांतचा फोन आला, बाबा, आम्ही माणकोलीचा पूल ओलांडला. पूर्वी ठाण्याहून डोंबिवलीला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. त्या नव्या पुलाने माझा घात केला.

मी कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आलो. सुमतीने पिशवीत डोकावून बघितलं आणि सरळ फडताळ उघडलं. ही बाई वेळेला देवासारखी धावते, फक्त नंतर वर्षभर ऐकवते. तिने ओल्या खोबऱ्याचं वाटण केलं, कोकमं टाकली, कालवणाला उकळी आली तशी डब्यातली तारली अलगद सोडली, आणि काही रव्यात घोळवून तळली. रिकामे डबे मी कपडे धुवायच्या मशीनमध्ये लपवले. पुढे आठवडाभर माझ्या शर्टांना कुत्री हुंगत होती, पण तो वेगळा विषय.

मंडळी आली. धाकूशेठ, रतनबाई, सुशांत, अक्षदा, आणि धाकूशेठांच्या आई रमाबाई. या आजींना घरात फार मान. पण बिचाऱ्यांनी मासा सोडून बरीच वर्षं झाली होती. एकदा तारलीचा काटा घशात रुतला, दवाखान्यात जाऊन काढावा लागला, तेव्हापासून त्या नुसतं कालवणाचं पाणी भातावर घेऊन जेवत. खाडीकाठच्या बाईने समोर मासा असून पाणी-भात खायचा, म्हणजे काय हाल असतील बघा.

जेवणं सुरू झाली. अक्षदाने पहिला घास घेतला आणि टेबलाखालून माझ्या पायावर लाथ मारली. बापाचा डबा लेकीने ओळखला. धाकूशेठ मात्र दोन बोटांनी ताटात काहीतरी शोधत होते. शोधून दमले तेव्हा म्हणाले, "व्याही, काटे कुठं गेले?"

डब्यातल्या तारलीचे काटे शिजून लोण्यासारखे मऊ होतात, ते तसेच पोटात जातात. एवढंच सांगायचं होतं. पण माझी जीभ माझ्या आधी धावते.

"काढले," मी म्हणालो.

"कोनी?"

"हिने. तुम्ही पहिल्यांदा येणार म्हणून."

सुमतीच्या हातातली पळी कालवणात बुडाली. तारलीचे काटे केसांएवढे बारीक, आणि किती असतात ते देवालाच माहीत. एका माशाचे काढायचे म्हटले तरी माणूस म्हातारा होईल. रतनबाईंनी तोंडातला घास गिळला, सुमतीकडे बघितलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाल्या, आमच्या घरात जन्मभर कुणी कुणासाठी एवढं केलं नाही. मग त्यांनी एक तारली उचलली, कुस्करली आणि आजींच्या पुढ्यात धरली. आजींनी आधी मान हलवली. मग भीतभीत एक घास घेतला. तोंडात घोळवला, थांबल्या, काटा लागायची वाट बघितली, आणि गिळला. त्यानंतर त्यांनी ताटातून डोकं वर काढलंच नाही. कढई रिकामी झाल्यावर त्यांनी सुमतीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं की काटे हिनेच काढलेत.

दुसऱ्या दिवशी अक्षदाचा फोन. आजींनी सकाळपासून पाणी-भात बाजूला सारला होता आणि नातसुनेला सांगितलं होतं, तुझ्या आईसारखं कर. रतनबाई सगळ्या आळीला सांगून आल्या होत्या की आमच्या सुनेच्या माहेरी तारलीसुद्धा काटे काढून वाढतात. कोथिंबीर निवडणारी पोरगी एका दिवसात मानाच्या पाटावर जाऊन बसली होती.

"बाबा, तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा," ती म्हणाली. "आता खरं कळलं ना, तर मला परत कोथिंबीरसुद्धा देणार नाहीत."

मग काय करणार? दर रविवारी सुमतीने कालवण करायचं आणि मी स्टीलचा डबा घेऊन कोलशेतला जायचं, असं ठरलं. पहिल्या रविवारी मी चोरासारखा दारात उभा राहिलो. पण तिथे माझं काय स्वागत झालं म्हणता! बसायला धाकूशेठांची स्वतःची खुर्ची. खाडीतली काही ताजी मासळी मिळालीच तर तळलेला पहिला तुकडा मला. येणाऱ्या-जाणाऱ्याला धाकूशेठ माझी ओळख करून देत, आणि लोक अरे वा म्हणत. आजी दारातच बसलेल्या असायच्या. माझ्या उभ्या आयुष्यात माझी अशी वाट कुणी बघितली नव्हती, ऑफिसात तर नाहीच. पुढच्या रविवारपासून मी इस्त्रीचा शर्ट घालायला लागलो.

रतनबाईंनी सुमतीच्या बोटांसाठी कसलंसं औषधी तेल पाठवलं. काटे काढून बोटं किती दुखत असतील! सुमतीने ते गुडघ्यांना चोळलं आणि बजावलं, "हे फार दिवस चालायचं नाही हं."

नाहीच चाललं. बोटी समुद्रात गेल्या, ताजी मासळी आली. श्रावण लागायला एक रविवार उरला होता, तेव्हा निरोप आला की या वेळी कालवण नको, विहीणबाईंनाच घेऊन या. आम्ही गेलो. बघतो तर पडवीत एक मोठी पाटी, काठोकाठ भरलेली. ताजी, चांदीसारखी तारली! भोवती आळीतल्या दहाबारा बायका पदर खोचून बसलेल्या, मध्ये खुर्चीवर आजी. सुमतीसाठी पाट मांडलेला.

रतनबाई म्हणाल्या, "विहीणबाई, आज आमाला शिकवा."

सुमतीने माझ्याकडे बघितलं. असं तिने पूर्वी एकदाच बघितलं होतं, मी तिच्या भावाच्या लग्नात भाषण करायला उभा राहिलो होतो तेव्हा. मग ती पाटावर बसली. माझ्या बायकोने आयुष्यात ताजी तारली हातात धरलेली नव्हती. पहिली तिच्या बोटांतून सुळकन निसटली आणि शेजारच्या काकूंच्या ओटीत पडली. बायकांना वाटलं, ही पण काहीतरी पद्धतच असेल. दुसरी तिने घट्ट धरली, पर्स उघडली आणि आतून भुवया कोरायचा चिमटा काढला. त्या चिमट्याने तिने काटे उपटायला घेतले. बरंच काही उपटलं गेलं. शेवटी तिच्या हातात काटे शाबूत होते आणि मासा नव्हता, नुसती चटणी होती.

माझी खात्री झाली की आता हसतील. पण बायका श्रद्धेने बघत होत्या! त्यांनी पटापट चिमटे मागवले, ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी नखं लावली, आणि सगळी पडवी तारलीची चटणी करायला लागली. चांगली भरलेली पाटी माझ्या डोळ्यांदेखत वाया चालली होती.

शेवटी एका काकूंचा धीर सुटला. त्या अक्षदाकडे वळून म्हणाल्या, "तुझी आय दर रविवारी करते, मंग तुला कसं येत नाय गं? का तुला शिकवलाच नाय?"

अक्षदाने मान खाली घातली, आणि तिचे डोळे भरलेले मला दिसले. बस्स, माझं सगळं अवसान गळालं. खोटं मी बोललो होतो आणि शिक्षा माझी पोर भोगत होती. मी उभा राहिलो आणि एका दमात सगळं ओकलो: काटे कुणीच काढलेले नाहीत, तारली डब्यातली आहे, दुकानातून आणतो, हिचा दोष नाही, पोरीचा तर नाहीच नाही, जोडे मारायचे तर मला मारा.

पडवीत चिमटा पडला तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली, आणि दोन पडलेही. धाकूशेठांचा चेहरा बघवत नव्हता. खाडीकाठच्या माणसाला डब्यातला मासा वाढायचा, म्हणजे शेतकऱ्याला तांदूळ कसा असतो ते सांगण्यातला प्रकार. रतनबाई एकदा पाटीकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे.

तेवढ्यात आजी बोलल्या. "मना सांगा, यो डबा मिलतो कुठं?"

सुशांत म्हणाला, "आजी, नाक्यावरच्या दुकानात पण मिळतो. फोनवरून मागवला तर दहा मिनिटांत घरी."

आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्यांना खोट्याचा राग आलेलाच नव्हता.

"मंग मी शुक्रवारपासून या मानसाची वाट कशाला बघतेय?"

आधी रतनबाई हसल्या, मग सगळी पडवी. धाकूशेठ सगळ्यात शेवटी हसले, पण तेच जास्त सुटल्यासारखे दिसले. म्हणाले, व्याही, राग मानू नका, ती तुमची मऊ तारली मी निव्वळ मानापायी गिळत होतो, काटा नसेल तर मासा खाल्ल्यासारखं वाटतच नाही. चटणी झालेल्या माशांचे रतनबाईंनी आलं-लसूण घालून वडे केले आणि सगळ्या आळीने चाटूनपुसून खाल्ले. आजींनी वड्याला हात लावला नाही. त्यांनी अक्षदाला हात धरून शेजारी बसवलं, फोन काढायला लावला आणि वेगवेगळ्या डब्यांची चित्रं बारकाईने बघून निवड सुरू केली. आता आजींच्या जेवणाचं सगळं खातं अक्षदाकडे आहे. ते पद घरात रतनबाईंनासुद्धा मिळालेलं नाही.

पोरीचं भलं झालं, मी सुटलो. पुढच्या रविवारी सवयीने आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट चढवला आणि फोनकडे बघत बसलो. फोन काही येईना. मग आठवलं, श्रावण लागला, आता कसला मासा! तरी खुशाली विचारावी म्हणून अक्षदाला फोन केला.

ती म्हणाली, "आजी? जेवायला बसल्यात ना. तारली."

"अगं, श्रावणात?"

"त्या म्हणतात, हा मासा आषाढातच डब्यात गेलाय, तो श्रावणात मोजायचा नाही."

मी घसा साफ केला. म्हटलं, "मग मी येऊन जाऊ का? सहज, भेटायला."

"कशाला बाबा एवढ्या लांब?" ती म्हणाली. "डबा आलाय."

मी शर्ट काढून खुंटीला अडकवला. आतून सुमती विचारत होती, दोडका करू की पडवळ.