बाहेरून कुलूप

विश्रांती कशी घ्यावी, हे मला विचारा! नाशिक रोडला बदलत्या पाळ्यांची नोकरी करून माझं प्रेशर वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "आठ दिवस नुसतं झोपा. नाहीतर दवाखान्यात आणून मी झोपवतो!"

रजा मिळाली, पण झोप कुठली? माणूस आजारी पडला की त्याला भेटून यावंच लागतं, नाहीतर पुढच्या लग्नकार्यापर्यंत बोलणी खावी लागतात. त्यामुळे सगळे आले. आजाराची हकिगत सांगून सांगून माझा जबडा दुखायला लागला. चहा करून करून बायको मालन अर्धी झाली. घरात औषधांपेक्षा ग्लुकोज बिस्किटं जास्त झाली!

शेवटी मी शक्कल लढवली. "मालन, बाहेरून कुलूप लाव आणि बहिणीकडे जा. कुलूप दिसलं की लोक परत जातील!"

ती गेली. पंखा लावून पडलो. डोळा लागतोय तोच कळवणहून रावजीमामा जीप भरून हजर! आणि इतक्या लांबून आलेला माणूस कुलूप बघून परत जात नाही. सगळे ओट्यावर ठाण मांडून बसले.

शेजारच्या नवसाबाई धावत आल्या. "मालनताई सकाळीच पिशवी घेऊन गेल्या. डोळे लाल होते हो!"

"म्हंजी दवाखान्यात नेला जनू," मामा म्हणाले. "लय सीरियस आसंल."

मामींनी हंबरडा फोडला. "लय गुनाचा व्हता गं माझा भाचा!"

व्हता! मी आत घामाघूम. ओरडावं, तर पाहुण्यांना टाळायला लपलो हे उघड होणार, मग कळवणला कोणत्या तोंडाने जायचं? मी नुसती कूस बदलली. मेली खाट करकरली!

"आत चोर हाय! आना रे जीपचा पाना!"

दोन घावांत कुलूप तुटलं. मी डोळे गच्च मिटले. दुसरं करणार काय?

"आरं, ह्यो तर झोपलाय!" मामा कुजबुजले. "कोनी उठवू नये म्हनून पोरीनं कुलूप लावलं. शहानी हाय! बसा गप, आवाज नाय करायचा."

सगळे माझ्या खाटेभोवती बसले. मामी पदराने वारा घालू लागल्या. इतकी शांतता या घरात कधी नव्हती, आणि मला मात्र झोपेचं सोंग घेऊन नाक खाजवायचीही चोरी! असा दमलो म्हणून सांगू, पाळीवरसुद्धा कधी इतका दमलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने एक डोळा किलकिला केला. प्रवासाने शिणलेले मामा, मामी, जीपवाला, झाडून सगळे फरशीवर आडवे होऊन घोरत होते. घरात सगळ्यांना गाढ झोप लागली होती, फक्त पेशंट सोडून!

मी हळूच उठलो, सगळ्यांना ओलांडत स्वयंपाकघरात गेलो आणि मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं. आवाज न करता हो. झोपमोड नको बिचाऱ्यांची!