व्याह्यांच्या वाटचा खुबा

असानाली व्याही दुपारी जेवायला येणार होते आणि मुलीच्या, चोल्पोनच्या लग्नाचा दिवस त्याच बैठकीत ठरणार होता, म्हणून केंजेबेकने बाजारातला सगळ्यात मोठा मेंढा आणला. मोठा म्हणजे म्हातारा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. एरवी मेंढ्याचे सांधे सोडवायचं काम शेजारच्या तुर्गानकाकांचं. हाड तोडायचं नाही, सांधा शोधून सुरीने अलगद सोडवायचं, कारण एकेक हाड एकेका पाहुण्याच्या मानाचं. पण काका घोड्यावरून पडले होते आणि त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता.

"मी शेजारी बसतो, तू काप. सांध्याची शिवण कुठे आहे ते दाखवतो," काका म्हणाले.

"तुम्ही घरी पडा जरा, काका. ही सुरी बघितलीत? थेट फरगान्याच्या लोहाराकडची. दगडसुद्धा कापेल."

"मग दगड काप. मेंढ्याला अक्कल लागते," म्हणून काका घरी निघून गेले.

पाय सुटले, फासळ्या सुटल्या, केंजेबेक शीळ घालायला लागला. मग आला खुबा. त्याचे बरोबर दोन भाग हवे होते, एक व्याह्यांना आणि एक तुर्गानकाकांना, कारण बैठकीतले थोर तेच दोघे. कोवळ्या जनावराच्या खुब्याची मधली शिवण सुरीच्या टोकाने उघडते. या म्हाताऱ्याची शिवण केव्हाच हाड होऊन बसली होती. केंजेबेकने एका हाताने जोर लावला, मग दोन्ही हातांनी, आणि शेवटी सुरीच्या पाठीवर धोंडा हाणला. खुब्याचे दोन भाग झाले आणि सुरीचेही. तीन बोटं लांबीचं पातं एका भागात रुतून बसलं. पक्कड लावली, पाय लावला, पण ते हलेना.

"कढईत टाका," त्याची बायको बुरूल म्हणाली. "हाड शिजलं की मऊ पडेल आणि पातं आपोआप निघेल."

तीन तास शिजूनही पातं जागचं हललं नाही. फक्त लखलखीत झालं. तेवढ्यात व्याह्यांची गाडी दारात थांबली.

"हा तुकडा काकांना वाढा," बुरूल कुजबुजली. "आपलाच माणूस आहे. चारचौघांत बोलायचे नाहीत."

"आणि उद्यापासून मरेपर्यंत बोलतील त्याचं काय?"

"ते तुम्ही ऐकायचं."

केंजेबेकने पात्यावर शेपटाच्या चरबीची जाड चकती पांघरली, तो तुकडा काकांपुढे ठेवला आणि सावध राहा म्हणून डोळा मारला. काकांनी आपला तुकडा पाहिला, व्याह्यांचा पाहिला. मानाची चरबी आपल्यावर, व्याह्यांचा उघडा. वाढण्यात चूक झाली आणि पोरगं ती आपल्याला निस्तरायला सांगतंय, असं समजून त्यांनी आपली थाळी पुढे सरकवली. "मान तुमचा, असानाली. तुम्ही लांबून आलात."

असानालींनी चकती उचलली. खाली पातं लखलखलं. पाहुण्याच्या ताटात मोडकं पातं म्हणजे सोयरीक तोडल्यासारखंच. केंजेबेकच्या कानात चोल्पोनचं रडणं आत्ताच घुमायला लागलं.

असानालींनी हाड फिरवून पाहिलं, पात्यावर अंगठा टेकवला. मग हाड मुठीत धरून त्यांनी चरबीच्या पातळ फोडी केल्या आणि पहिली आपल्या बायकोला दिली.

"आमच्या खोऱ्यात सुरी वेगळी ठेवतात," ते म्हणाले. "तुमच्याकडे मांसातच वाढतात वाटतं."

"मानाच्या पाहुण्यालाच," केंजेबेक म्हणाला.

तुर्गानकाकांना रस्सा पिता पिता ठसका लागला. लग्नाचा दिवस पहिली गवतकापणी झाल्यावरचा ठरला. त्या रात्री केंजेबेक कित्येक दिवसांनी गाढ झोपला.

महिन्याने व्याह्यांकडून उलट बोलावणं आलं. विहीणबाईंनी केंजेबेकपुढे मानाचा खुबा ठेवला. त्यात कोरं करकरीत पातं तिरकं रुतलेलं होतं. असानालींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं बांधलेलं होतं.

"तुमची रीत सांभाळली, व्याही," ते दमल्या आवाजात म्हणाले. "पण तीन सुऱ्या गेल्या बघा. तुमच्यासारखं एका घावात काही बसेना."

केंजेबेकने हाड हातात घेऊन नीट निरखलं.

"सवयीने जमतं," तो म्हणाला.