अर्धवट पोवाड्याचे शाहीर

येसबा शाहिरांना एखादा पोवाडा शेवटपर्यंत म्हणताना आमच्या रहिमतपुरात कोणी पाहिलं नव्हतं. ऐन रंगात आले की डफ थांबवायचे, मान वळवून इकडेतिकडे बघायचे आणि म्हणायचे, "वारं बदललं. निघतो." आणि खरंच निघायचे. बसलेली माणसं तशीच बसून राहायची.

ही सवय त्यांना भूमिगत चळवळीत लागली, असं सगळे म्हणत. तेव्हा पोलीस त्यांच्या मागावर. एका गावात पोवाड्याची सुरुवात झाली की पुढचा भाग तीन गावं ओलांडून व्हायचा. पण आता स्वराज्य आलं होतं. पोलीस आपलेच होते. नवे फौजदार एकदा हौसेनं हार घेऊन शाहिरांचं गाणं ऐकायला आले, तर शाहीर कडवं अर्धं टाकून भिंतीवरून पलीकडे. हार शेवटी मारुतीला घातला.

ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. पहिल्यांदा मी चहाला बोलावलं तेव्हा त्यांनी उंबऱ्यातच विचारलं, "वैनी, मागलं दार कुटं हाय?" मग त्या दाराशीच पाट ओढून बसले. चहा गरम असला तरी एका दमात प्यायचे. आमचे हे म्हणत, "अहो शाहीर, जीभ भाजेल." त्यावर शाहीर म्हणत, "जीभ भाजली तर बरी हुईल. बेडी पडली तर काय करता?"

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे मिशी. कुणी तुरुंगवासाच्या गोष्टी काढल्या की शाहीर हळूच म्हणायचे, "मी देशासाठी मिशी दिली." एकदा कोरेगावच्या रस्त्यावर नाकेबंदी होती. शाहिरांनी मिशी उतरवली, हिरवं लुगडं नेसलं आणि सासरी निघालेली नवरी होऊन बैलगाडीत बसले. हवालदार गाडीजवळ येताच असा गळा काढला की त्या बिचाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. "रडू नको पोरी, सासरची माणसं बी चांगली असत्यात," म्हणत त्यानं गाडी पुढे सोडली. हे सांगताना शाहीर दर वेळी नवी मिशी पिळायचे.

स्वराज्यानंतर दुसऱ्या वर्षी मुंबईहून कर्णिक नावाचे गृहस्थ कॅमेरा आणि आवाज टिपायचं यंत्र घेऊन आले. शाहिरांच्या आयुष्यावर त्यांना माहितीपट काढायचा होता. आमच्या परसातल्या चिंचेखाली मांडामांड झाली. शाहिरांनी फेटा बांधला, डफ तापवला आणि असा आवाज लावला की शेजारपाजारच्या बायका कामं टाकून आल्या. अर्धा पोवाडा झाला, डफ थांबला. "वारं बदललं."

कर्णिकांनी पुन्हा सुरुवात करायला लावलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही त्याच कडव्यावर. कर्णिक शांतपणे म्हणाले, "शाहीर, शेवट नसेल तर मी हे पडद्यावर दाखवू कसं? उद्या मला परत जावं लागेल."

शाहीर आत येऊन मागच्या दाराशी बसले. मी पाणी दिलं आणि विचारलं, "शाहीर, दर वेळी त्याच ओळीला का थांबता?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "दगडू झील धरायचा माज्या मागं," ते म्हणाले. "शिराळ्याकडं एका देवळात ह्याच वळीला पोलीस आले. त्यो मला म्हनला, तुमी मागल्या दारानं जावा, मी आवाज चालू ठेवतो. मी पळालो. लांबवर त्याची झील ऐकू येत व्हती. मग मधीच तुटली."

"आता कुठे आहेत ते?"

"सुटला, असं ऐकलं. सांगलीत भनीकडं असंल. कुन्या तोंडानं जाऊ, वैनी? त्यो धरला गेला, आन् लोकं हार मला घालत्यात."

माझी धाकटी बहीण सांगलीत दिलेली. तिच्या यजमानांना निरोप धाडला, आणि कर्णिकांना आणखी थोडं थांबायला सांगितलं. भला माणूस, थांबले. दगडू सापडला तो हळदीच्या वखारीत. बहिणीच्या यजमानांनी त्याला गाडीतून आणलं. धोतर, कानाच्या पाळ्या, भुवया, सगळं पिवळं. उजव्या हाताची बोटं मात्र वाकडी होऊन बसलेली.

तो पुढच्या दारातून आत आला आणि शाहीर मागच्या दारातून निघाले. दगडूनं तिथूनच हाक मारली, "आवं थांबा की. पोलीस न्हाई, मी हाय."

शाहीर पाठमोरेच उभे राहिले. "लय मारलं का रं तुला?"

"मारलं की. पन तुमाला धरलं न्हाई ते झ्याक झालं. न्हाईतर जेलात रोज पहाटं तुमची तालीम ऐकावी लागली असती."

शाहीर हसायला लागले. हसता हसता खाली बसले आणि फेट्याच्या शेवानं तोंड पुसत राहिले. दगडू त्यांच्याजवळ जाऊन बसला. मी आमच्या ह्यांना आणि पाहुण्यांना खुणेनं बाहेर काढलं.

दुपारी चिंचेखाली पोवाडा झाला, दगडूच्या झिलीसकट, अगदी शेवटपर्यंत. खरं सांगायचं तर शेवट तसा साधाच होता. पण कर्णिकांनी यंत्र बंद केलं तरी कोणी जागचं हललं नाही.

मग पानं वाढली. दगडूला वाकड्या बोटांनी भाकरी मोडेना आणि चारचौघांत डावा हात लावायला तो लाजत होता. नुसताच ताटाकडे बघत बसला. शाहिरांनी त्याचं ताट आपल्याकडे ओढलं, भाकरी बारीक कुस्करली, वर आमटी ओतून कालवली आणि एक घास त्याच्या तोंडाशी नेला.

"खा," ते म्हणाले. "सावकाश खा. मी हितंच हाय."