चिठ्ठी नसलेलं गाठोडं

"कापड मी आणतो," असं फाईलराव म्हणाले, आणि पुढचं सगळं रामायण त्या तीन शब्दांतून घडलं.

फाईलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं एकाच कचेरीची रेकॉर्डरूम सांभाळल्यावर माणसाचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरतं. कुठलीही फाईल मागा, फाईलराव डोळे मिटून कपाटापाशी जाणार आणि नेमकी तीच काढून देणार. आजवर आपल्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही, हे ते दिवसातून दोनदा तरी कुणाला तरी सांगत. (ऐकायला कुणी नसलं तर बायकोला.)

रविवारी लेक यायची होती, सोबत दीड महिन्याचा नातू. त्याच्यासाठी बायकोनं गोधडी शिवायला घेतली होती. नवं कापड महाग, शिवाय कडक. तान्ह्या अंगाला धुऊन धुऊन मऊ पडलेलंच हवं. घरातल्या जुन्या चादरी, उशांचे अभ्रे, सगळं फाडून झालं, तरी गोधडी निम्मीच भरली होती.

"दोन मीटर विकत आणते झालं," बायको म्हणाली.

"विकत? अगं, आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत आल्टरवाला टेलर आहे. लोक त्याच्याकडे जुने कपडे टाकतात आणि न्यायला विसरतात. तो ते अगदी किरकोळीत काढून टाकतो. कापड मी आणतो."

"तुम्हाला कळेल त्यातलं?"

"तीस वर्षं वर्गीकरण करतोय मी!"

बायकोनं सुईत दोरा ओवला. तीस वर्षं तीही ऐकतच होती.

गुरुवारी संध्याकाळी फाईलराव दुकानात शिरले आणि पडून राहिलेले कपडे मागितले. टेलरचे पाय मशीनवर, डोळे सुईवर आणि तोंडात टाचण्या. त्यानं मान वर न करता हनुवटीनं दाराकडे खूण केली. दाराशी दोन गाठोडी होती. एकातल्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचलेली, तिच्यावर नाव, तारीख, माप. दुसऱ्यात चिठ्ठीचं नाव नाही. कपडेही उसवलेले, बाही एकीकडे, अस्तर एकीकडे.

फाईलराव मनाशी हसले. रेकॉर्डरूमचा पहिला नियम: चिठ्ठी आहे ते चालू प्रकरण, चिठ्ठी नाही ती रद्दी. पैसे मशीनवर ठेवून त्यांनी बिनचिठ्ठीचं गाठोडं काखेत मारलं.

आता टेलरचा नियम त्यांना कुणी सांगायचा? हातातलं काम सगळं त्याच्या डोक्यात, त्याला चिठ्ठी कशाला? जे कपडे वर्षानुवर्षं कुणी नेतच नाही त्यांनाच तो चिठ्ठ्या लावी, उद्या मालक भांडायला उगवलाच तर नाव सापडावं म्हणून.

घरी गाठोडं बायकोपुढे टाकून फाईलराव ऐटीत म्हणाले, "घे! आणि म्हणे, कळेल का!"

शुक्रवारी दहा वाजता साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला होता.

"फाईलराव, तुम्हाला म्हणून सांगतो. आज चार वाजता हेड ऑफिसची मंडळी येतायत. माझा सत्कार आहे, फोटो आहे. आणि माझ्याकडे कोट नाही."

"पण साहेब, तुमचा तो काळा..."

"तोच! पोटावर बसेना, म्हणून मागच्या गल्लीत सैल करायला टाकला होता. आता सकाळी गेलो, तर टेलर म्हणतो, गाठोडंच कुणी उचलून नेलं! कोण गाढव असेल हो? सापडू दे, त्याची नोकरी कुठे आहे ते शोधून काढतो."

(नोकरी भिंतीपलीकडेच होती. निवृत्तीला आठ महिने होते, आणि त्याआधीचा शेवटचा गोपनीय अहवाल साहेबच लिहिणार होते.)

फाईलरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको! उचलायचा धीरच होईना. 'काळं कापड कापून झालं,' असं ती म्हणाली तर? त्यांनी फोन बंदच केला. वर साहेबांनी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायचं काम गळ्यात मारलं. साडेबाराला कुठे पोटात कळ आल्याचं सांगून त्यांना निसटता आलं.

घरी पोचले. दाराला कुलूप होतं, ते त्यांनी आपल्या किल्लीनं उघडलं. आत टेबलावर कात्री होती, आणि कात्रीशेजारी काळ्या कापडाच्या चौकोनांची चळत.

एक चौकोन उचलून त्यांनी दुसऱ्याला जोडून पाहिला. जणू चौकोन जोडत गेलं की शेवटी साहेब तयार होणार होते! मग सुचलं, लेकीच्या लग्नात शिवलेला आपला काळा कोट आहे, तोच साहेबांच्या पायाशी ठेवावा. धावत जाऊन कपाट उघडलं. कोट नाही. हँगर तेवढा लोंबत होता.

"अहो, या वेळी घरी कसे?" दारात बायको, हातात दोऱ्याची रिळं.

"तू काय केलंस हे! साहेबांचा कोट कापलास!"

"गाठोड्यातला तो साहेबांचा होता होय? तो मघाशीच टेलरला देऊन आले. खडूच्या खुणा काय, कच्चे टाके काय, आंधळ्यालाही कळलं असतं की काम चालू आहे. टेलर बिचारा रडकुंडीला आला होता. लगेच शिवायला बसला. खरं गाठोडं दिलं त्यानं, मऊ सूत आहे अगदी. तुम्हाला फोन केला तर उचलायला नको."

"मग हे काय आहे?"

"हा तुमचा."

"माझा?"

"फरशीचा गारठा लागू नये म्हणून खालच्या अंगाला जाड कापड हवं होतं. बटण तरी लागत होतं का तुम्हाला त्याचं?"

"माझा कोट कापलास!" फाईलराव ओरडले. "नक्की माझाच ना? शपथ?"

"नक्की. खिशात तुमचं तपकिरीचं डबडं होतं."

फाईलरावांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरले. "फार फार छान केलंस गं! पँटही कापून टाक!" बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

चार वाजता साहेब मंचावर होते. कोट असा बसला होता की श्वास घेऊनही पोटाशी बोटभर जागा उरत होती. फाईलराव मागच्या रांगेत प्रसन्न बसले होते. तेवढ्यात साहेबांनी माईकवरून जाहीर केलं, "तीस वर्षांत एकही कागद न हरवल्याबद्दल, माझ्या शिफारशीवरून, प्रशस्तिपत्र आमच्या फाईलरावांना!"

टाळ्या पडल्या. पण फोटोग्राफर हटून बसला, की मंचावरचे सगळे कोटात, हे एकटेच सदऱ्यात कसे चालतील? साहेबांनी मोठ्या मनानं स्वतःचा कोट उतरवून फाईलरावांच्या अंगावर चढवला आणि कानात म्हणाले, "बघा, एक तुमच्यासारखा माणूस, आणि एक ते गाठोडं पळवणारं गाढव!"

"हो ना साहेब," फाईलराव म्हणाले.

रविवारी लेक आली. नातू गोधडीवर असा गाढ झोपला की लेकीलाही दोन तास डोळा लागला. पुढच्या आठवड्यात फोटो आला. फाईलराव त्यात होते खरे, पण हात बाह्यांत बुडालेले, खांदे दोन्हीकडे ओघळलेले, आणि प्रशस्तिपत्र कोटानंच धरल्यासारखं दिसत होतं. त्यांनी फोटो बायकोच्या हाती दिला आणि छाती पुढे काढून उभे राहिले.

बायकोनं चष्मा लावला, फोटो उजेडाशी नेला आणि कितीतरी वेळ न्याहाळला.

"किती ऐसपैस कापड आहे हो!" ती हळहळली. "उगाच परत केला मी."