रेडिओवरची राणी

एखाद्याचं नाव विसरेन, पण माणूस विसरणार नाही, असा मिस्त्रीचा दावा होता. त्यातला नाव विसरण्याचा भाग तो चोख पाळत असे. त्यामुळे दुरुस्त झालेली वस्तू खोक्यात बंद केली, की त्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायच्या भानगडीत तो पडत नसे. रोज सकाळी चहा घेता घेता पिवळ्या स्टिकी नोटवर छोटंसं चित्र काढायचं आणि खोक्यावर डकवायचं. टकले वकील म्हणजे कार्टूनमधला उडता पहिलवान. कुरकुरा शिंपी म्हणजे सिनेमातला एकडोळ्या खलनायक.

वाचनालयातल्या बाईंच्या रेडिओला मात्र मालिकेतली राणी मिळे. तिच्या मुकुटातला एकेक खडा तो जीव ओतून काढी. रेडिओ दर दोन महिन्यांनी येई, कारण मिस्त्री त्यातली एक तार मुद्दाम कच्ची ठेवी. पाप खरंच, पण एरवी त्या आल्या असत्या कशाला? सहा वर्षं हे चाललं होतं आणि सहा वर्षांत तो त्यांच्याशी बॅटरीपलीकडे काही बोलला नव्हता.

आता बाईंची बदली झाली होती. शनिवारी रेडिओ घेऊन त्या गाव सोडणार होत्या. या वेळी मिस्त्रीने तार पक्की जोडली. परगावी दुसऱ्याच कुणी मिस्त्रीने ती जोडावी, हे त्याला सोसवलं नसतं. राणीच्या चिठ्ठीमागे त्याने लिहिलं, 'जाऊ नका.' तोंडाचा भरवसा नव्हता.

भरवसा नव्हता ते बरंच, कारण शनिवारी सकाळीच दाढेने डाव साधला. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला दुकानात बसवून तो दाढ काढायला धावला. "भावजी, खोकी फोडू नका. चिठ्ठी बघून द्या."

भावजींनी चिठ्ठ्या बघितल्या. नाव एकीवरही नव्हतं. पण माणूस डोकेबाज. त्यांनी गिऱ्हाइकांनाच विचारलं, "यातले तुम्ही कोण?"

मिस्त्री गालात कापूस घेऊन परतला, तोवर पहिलवानावर पाच जणांचा हक्क सांगून झाला होता. सगळ्यांत मोठा आवाज शिंप्याचा, म्हणून वकिलांचा हीटर शिंपी घेऊन गेला. खलनायक कुणीच नव्हतं. राणीही तशीच पडून होती. दिवसभरात एकाही बाईने ती आपली म्हटली नव्हती.

"वाचनालयातल्या बाई?" मिस्त्रीने कापसातून कसंबसं विचारलं.

"येऊन गेल्या. गुप्तहेराचा वेंधळा मदतनीस बघून खूप हसल्या. 'ही मीच' म्हणाल्या."

तेवढ्यात बाईच दारात. बाहेर रिक्षा थांबलेली. "अहो, यात टोस्टर निघाला."

मिस्त्रीने राणीचं खोकं पुढे केलं.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मालिकेतली राणी," भावजी म्हणाले.

"ते कळलं. पण माझ्या खोक्यावर कशी?"

"गफलत झाली असणार. दाढ ठणकत होती ना यांची."

बाईंनी चिठ्ठी हळूच सोडवली, मुकुटावरून बोट फिरवलं. "नशीबवान आहे कुणीतरी," म्हणाल्या आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली, राणी वर, अक्षरं खाली. "जिची असेल तिला द्या."

टोस्टर ठेवून, रेडिओचं खोकं घेऊन त्या पायरीपर्यंत गेल्या. मिस्त्रीने कापूस उपसून काढला. "तुमची..."

बाई वळल्या. क्षणभर खरंच थांबल्या. "माझी काय?"

मिस्त्रीची नजर काउंटरवरच्या राणीवर गेली. "तुमची तार," तो म्हणाला, "पक्की जोडलीय. आता कधी बिघडणार नाही."

"बरं झालं. फार त्रास दिला तुम्हाला."

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत तो बघत राहिला, आणि वळल्यावरही. आयुष्यात एवढं चांगलं काम करून तो कधी इतका पस्तावला नव्हता.

भावजींनी शटर अर्धं ओढलं. उरलेलं शिंप्याच्या इस्त्रीचं खोकं त्यांनी टेबलावर आपटलं. "आता हा एकडोळ्या खलनायक कोण, ते तरी सांगा."

"मीच," मिस्त्री म्हणाला.

"मग आधी नाही का बोलायचं? न्या एकदाची. दुकान बंद करायचंय."