झोपलेल्या माश्या

भूमच्या गौरीशंकरच्या खव्याच्या भट्टीवर माणसांपेक्षा माश्यांची हजेरी चोख होती. एरवी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण आज अकरा वाजता अन्न विभागाचे साहेब तपासणीला येणार होते आणि परवाना गेला, तर चारही कढया पालथ्या पडणार होत्या.

म्हणून मेहुणा सिद्धाराम नऊलाच बाटली घेऊन हजर झाला. त्याचं औषधांचं दुकान होतं. म्हणजे पिकांवरच्या किड्यांच्या औषधांचं. जीव घ्यायच्या वस्तूला आपल्याकडे औषधच म्हणतात. दुकान टाकल्यापासून सिद्धाराम अर्धा शास्त्रज्ञ झाला होता.

"दाजी, माशीच्या नसंत बारकी बारकी दारं असत्यात. हुकूम सुटला की दार उघडतंय अन् लगीच मिटतंय. ह्या औषधानं ते मिटतच न्हाय! हुकुमावर हुकूम. पायाला येगळा, पंखाला येगळा. माशी थरथर कापती अन् उताणी पडती."

"आमच्या घरावानीच की," इरम्मा म्हणाली. गौरीशंकरची बायको असल्याने तिला हुकुमांचा अनुभव दांडगा होता.

"वास बी येत न्हाय. फकस्त माप बघून पाणी घाला," एवढं बजावून सिद्धाराम दुकान उघडायला गेला.

दूध आणि खवा आतल्या खोलीत हलवून गौरीशंकरने औषधात पाणी घातलं. रोज सकाळी रतिबाच्या दुधाची बरकत करणारा तो हात. कुठे थांबायचं, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. फवारणी झाली आणि पाच मिनिटांत फरशी माश्यांनी काळी झाली.

इरम्मा केरसुणी आणायला वळली, तोच साहेब दारात. सरकारी माणूस वेळेआधी येतो, तो नेमका असाच दिवस बघून.

"ह्या कशानं मेल्या?" साहेब उकिडवे बसले. "नुसत्या जिवंत माश्या असत्या, तर समज देऊन सोडलं असतं. भट्टीत विष मारलं असेल, तर मला कुलूपच लावावं लागेल."

गौरीशंकरच्या तोंडचं पाणी पळालं. "मेल्या न्हायत, साहेब. झोपल्यात."

"झोपल्यात?"

"खवा लई खाल्ला ओ. सुस्ती आलीय."

साहेबांनी पेन काढलं. वीस वर्षं माश्यांच्या खानदानाला शिव्या घालणाऱ्या गौरीशंकरने डोळे मिटून अणदूरच्या खंडोबाला नारळ बोलला. 'देवा, एक तरी उठीव!'

एकीने पाय झाडला. मग दुसरीने. बघता बघता फरशी गुणगुणू लागली आणि एक माशी थेट साहेबांच्या नाकावर जाऊन बसली. साहेबांनी तिला हाकललं आणि लिहिलं, 'माश्या जिवंत. विषाचा वापर नाही.' "जाळ्या बसवून घ्या," म्हणत ते निघाले.

"देव न्हाय, तुमचं पाणी पावलं," इरम्मा कुजबुजली.

गौरीशंकरची छाती फुगली. आनंदात त्याला आवाजाचंही माप राहिलं नाही. "मग! पाणी किती घालायचं, ते ह्या हाताला इचार!"

साहेब उंबऱ्यातच थांबले. परत आले आणि पिशवीतून दूध तपासायची काचेची नळी काढत म्हणाले, "बरी आठवण केलीत. दूध कुठं ठेवलंय?"